पावसापुरता तह

आमच्या आजीच्या तोंडी ‘धामधूम’ हा शब्द फक्त लग्नाच्या वेळी यायचा. मांडवाचे वासे येऊन पडले, आचारी चुलवण खणून गेला, की ती म्हणायची, "आता पंधरा दिवस नुसती धामधूम." त्यामुळं मोडी लिपीच्या वर्गात सरावाला दिलेल्या एका झेरॉक्सवर ही चार अक्षरं मला लागली तेव्हा मी मनाशी म्हटलं, चला, कुणाचं तरी लग्न दिसतंय. त्याआधी तीन आठवडे मी त्या कागदावर डोळे फोडत होतो. पुढची ओळ लागली आणि लग्न मोडलं. फौजेच्या धामधुमीनं गाव पैमाल झाला होता, कुळं परागंदा झाली होती, आणि पाटील सरकारातून अभयाचा कौल मागत होता.

शिकवणारे सर शांतपणे म्हणाले, "जुन्या कागदात धामधूम दिसली की नवरा-नवरी शोधू नका. घोडे शोधा."

तेव्हापासून मला हा एक नादच लागला. आपण रोज वापरतो त्या शब्दांच्या खाली वाकून बघायचं. लहान मुलाचं ढोपर बघावं तसं. बहुतेकांवर जुनी खपली असतेच. मोर्चा म्हणजे तोफा डागायला बांधलेला आडोसा, आज तो हातात फलक घेऊन चालतो. मोहीम आता पल्स पोलिओची असते. आघाडी आणि पिछाडी फौजेतून उठून निवडणुकीत जाऊन बसल्या. मंडईत गर्दी झाली की ‘काय भाऊगर्दी उसळलीय’ म्हणताना आपल्याला सदाशिवरावभाऊ आठवत नाहीत, पण म्हणतात की तो शब्द पानिपतावरूनच चालत आलाय. पोरगं परीक्षेत आपटलं की त्याचं ‘पानिपत’ होतं. आणि दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटत नाही, सोनं ‘लुटतो’. वाटण्यासारखी गोष्ट, पण क्रियापद लुटीचं.

असे शब्द एखाद-दुसऱ्या लढाईनं भाषेत रुजत नाहीत. तिथं लढाई हा ऋतू असावा लागतो. आणि तो होताच.

गेल्या वर्षी मी एक खुळेपणा केला. आलेखाची वही घेतली आणि 1630 पासून 1818 पर्यंत वर्षागणिक एक घर आखलं. म्हटलं, मराठ्यांच्या राज्यात ज्या ज्या वर्षी लढाई झाली ते घर लाल करायचं, शांततेचं कोरं ठेवायचं. मग किती घरं कोरी राहतात ते बघू. पहिल्या पानावर जरा उमेद होती. पुरंदरचा तह 1665 चा. पस्तिसांतले तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. नंतर महाराज आग्र्याला गेले, सुटून आले, आणि 1670 च्या सुरुवातीला सिंहगड घेईपर्यंत मोगलांशी मोठी लढाई नाही. ती तीन घरं मी जपून कोरी ठेवली. मग लक्षात आलं, 1667 साली फौज गोव्यात, पोर्तुगिजांच्या बारदेशात उतरली होती. लाल पेन्सिल. पुढं 1682 ला औरंगजेब स्वतः औरंगाबादेत येऊन बसला, आणि 1707 ला नगरजवळ त्याचा जीव जाईपर्यंतची सगळी पानं मी पेन्सिल आडवी धरून एकदमच रंगवली.

शाहूमहाराजांच्या काळात घरं कोरी मिळतील असं वाटलं होतं, कारण माणूस शांत. साताऱ्यात बसून राज्य केलं. शिकारीचा नाद, कुत्र्यांचा लळा. संगम माहुलीला त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, ती बघताना मला नेहमी वाटतं की कुत्र्याची समाधी बांधायला सवड आहे असा राजा म्हणजे राज्यात बरं चाललेलं असणार. पण राजा साताऱ्यात आणि पेशवा घोड्यावर. पालखेड 1728, भोपाळ 1737, वसई 1739. लाल, लाल, लाल.

मग सालबाईचा तह. शाळेत शिकलेलं पक्कं आठवतं: 1782 च्या या तहानं इंग्रज आणि मराठे यांच्यात वीस वर्षं शांतता नांदली. वाक्य खरं आहे. इंग्रजांशी लढाई झाली नाही. टिपूशी झाली, बदामी 1786 ला घेतली. मग इंग्रजांच्या बरोबरीनं पुन्हा टिपूशी झाली, परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून महिनोन्‌महिने बसले. तिकडं उत्तरेत महादजी शिंद्यांना 1787 ला लालसोटला राजपुतांनी तडाखा दिला, आणि तीन वर्षांत त्यांनी पाटण आणि मेडत्याला त्याची भरपाई केली. 1793 ला लाखेरीला शिंदे आणि होळकर एकमेकांवरच तुटून पडले. 1795 ला खर्ड्याला निजाम. ही आपली वीस वर्षांची शांतता! पेन्सिलीला टोक करून करून माझा शार्पनर बोथट झाला. वही तशीच कपाटात आहे.

नाद सोडल्यावर मग डोक्यात उजेड पडला. माझी घरंच चुकली होती. वर्ष हे या लढाईचं माप नव्हतं. प्रत्येक वर्षाच्या आतच एक लाल आणि एक कोरा तुकडा होता, आणि दोहोंमधली रेघ पाऊस आखत होता.

दसऱ्याला सीमोल्लंघन, म्हणजे निघायचं. वैशाखाच्या सुमाराला परतायचं. मृग लागायच्या आत घोडी छपराखाली आली पाहिजेत. मग चार महिने छावणी. छावणी म्हटलं की आज आपल्याला दुष्काळातली गुरांची छावणी आठवते, आणि खरं तर ते जुन्या अर्थाच्या जास्त जवळचं आहे: चारा घालून जनावर जगवायची जागा. सभासदाच्या बखरीत ही सगळी रीत दिलीय. छावणीत घोड्यांना दाणा, औषधं, माणसांना गवतानं शाकारलेली घरं आधीच तयार ठेवायची. दसऱ्याला फौज निघताना प्रत्येकाजवळ काय काय आहे त्याची यादी करायची आणि परत आल्यावर त्या यादीशी ताडून बघायचं, म्हणजे लुटीतलं कुणी काय दडवलं ते कळतं. ही बखर लिहिली गेली ती जिंजीत, राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून. म्हणजे रायगड गेलेला, राजा परमुलखात अडकलेला, आणि कृष्णाजी अनंत सभासद शांतपणे लिहितोय की पावसाळ्यात लष्करानं कुठं आणि कसं राहावं.

पण या छावणीचं खरं चित्र मिळतं ते महाराजांच्या एका पत्रात. राज्याभिषेकाच्या सुमाराचं पत्र, चिपळूणजवळ उतरलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना. बऱ्याच जणांनी त्यातलं शेतकऱ्याला त्रास देऊ नका एवढंच ऐकलेलं असतं. पत्र पूर्ण वाचलं तर ते एखाद्या कर्त्या बाईनं सुनेला घर सोपवून जाताना बजावावं तसं आहे. पावसाळ्यासाठी जो दाणा आणि वैरण साठवलीय ती आत्ताच मनाला येईल तशी उडवाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही गावात शिराल. कोण कुणब्याकडचे दाणे आणील, कोण भाकर, कोण गवत, कोण भाजी. असं केलंत तर जे कुणबी घर धरून कसेबसे जगताहेत तेही निघून जातील, आणि त्यांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे.

आणि मग आगीची गोष्ट येते. गवताची छपरं, गवताच्या गंजी, आत माणसं. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल. आणि मग उंदीर येऊन जळती वात ओढून नेईल.

हा उंदीर मला काही केल्या विसरता येत नाही. अफजलखान, शाहिस्तेखान, मिर्झाराजे, सगळ्यांना पुरून उरलेला माणूस अंधारात एका उंदराचा विचार करतोय. तेलात भिजलेली वात दातात धरून तो गंजीकडं पळतोय, हे त्यानं रायगडावरून बघितलंय. लढाईत शत्रू कुठून येणार ते थोडंफार कळतं. शांततेचे चार महिने नीट पार पाडायचे तर उंदरापर्यंत विचार करावा लागतो. माझ्या लेखी हे पत्र प्रतापगडाच्या बरोबरीचं आहे. पोवाडा मात्र कुणी केला नाही, करणार तरी कसा, उंदरावर डफ कसा वाजवायचा?

आता नियम सांगितला की त्याला छेद देणारी उदाहरणं हात वर करतात. सिद्दी जौहर 1660 च्या भर पावसात पन्हाळ्याचा वेढा धरून बसला होता, म्हणून तर जुलैतल्या त्या रात्री बाजीप्रभूंना खिंड लढवावी लागली. राक्षसभुवन 10 ऑगस्ट 1763 चं. निजामानं काही महिन्यांपूर्वी पुणं जाळलं होतं. गोदावरीला पूर, त्याची निम्मी फौज पलीकडं गेलेली, निम्मी अलीकडं, आणि माधवराव पेशव्यांनी अलीकडची गाठली. तेव्हा पाऊस काही कुणाचा मेहुणा नव्हता. पण साधारण हिशेब तोच होता, आणि तो मोडणाऱ्याला महागात पडायचं.

किती महागात, ते औरंगजेबाला विचारावं. एवढा मोठा बादशहा, पण दख्खनच्या पावसाशी त्याचं कधी जमलं नाही. 1700 सालचा पावसाळा सरत आला होता, छावणी माण नदीकाठी खवासपूरला होती. रात्री वरून लोंढा आला. आमच्याकडच्या कोरड्या नद्या अशाच असतात, वर्षभर पोरं क्रिकेट खेळतात आणि एका रात्रीत पात्र फुगतं. मराठे आले असं वाटून म्हाताऱ्या बादशहाची धावपळ झाली, पडला, गुडघा निखळला. उरलेलं आयुष्य तो लंगडत होता. दरबारी लोकांनी त्याची समजूत काढली म्हणे, की हा तर आपल्या पूर्वजाचा, तैमूरलंगाचा वारसा. दोन वर्षांनी विशाळगड घेतला आणि भर पावसात परत फिरला, तेव्हा पन्हाळ्यापर्यंतच्या तीसेक मैलांना त्याच्या फौजेला महिन्याहून जास्त लागला. उंट, हत्ती, माणसं, सगळं ओढ्यांनी नेलं. गडावर बसून मराठ्यांना फक्त आभाळाकडं बघायचं होतं.

प्रश्न राहतो, दर दसऱ्याला निघायचंच का? धर्म, स्वराज्य, अटकेपार हे सगळं आहेच, नाही म्हणत नाही. पण कागद वाचायला लागलं की एक निराळाच आवाज ऐकू येतो, सावकाराचा. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर दहावा. हा पैसा फौज दाराशी उभी राहिल्याशिवाय हातात पडत नाही. फौज उभी करायला कर्ज. कर्ज फेडायला मोहीम. मोहिमेची वसुली अर्धीच येते, म्हणून पुढच्या दसऱ्याला आणखी मोठी फौज, आणखी कर्ज. ज्या बाजीरावाचा घोडा कुणाला सापडला नाही, त्याला सावकार मात्र बरोबर सापडत होते. आपल्या गुरूंना, ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात तो कळवळून सांगतो की सावकारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी गेली. त्यात शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो आठ महिने पोसायचा तर घोड्यानं कमवायला हवं. एखाद्या वर्षी लढाई नाही म्हणजे त्या घरात दुष्काळ. ट्रक कर्जानं घेतलेल्या माणसाला भाडं न मिळालं तर काय होतं, ते आमच्या गावात आजही बघायला मिळतं.

शांततेबद्दल आपल्याला प्रेमानं बोलता येत नाही, त्याचं मूळ मला इथं दिसतं. ‘मराठे युद्धात जिंकले आणि तहात हरले’ हे वाक्य मी पानपट्टीपासून विद्यापीठापर्यंत सगळीकडं ऐकलंय. त्यात तह म्हणजे फसवणूकच. तहाला बसणारा भोळा, सही करणारा करंटा. कुठला तह चांगला झाला हे कुणाला पटकन सांगता येत नाही.

एक आहे. 1731 चा वारणेचा तह. सातारा आणि कोल्हापूर, दोन चुलतभाऊ, दोन गाद्या. औरंगजेब गेल्यापासून भाऊबंदकी चाललेली. त्या वर्षी शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी कऱ्हाडजवळ जखिणवाडीला भेटले, आणि वारणा नदी ही हद्द ठरली. दक्षिणेकडचं तुमचं, उत्तरेकडचं आमचं. बांधावरून कोर्टात पिढ्या घालवणाऱ्या आपल्या मुलखात एका राज्याचा बांध नदीवर ठरला आणि गाद्यांचं ते भांडण तिथं मिटलं. मी कोल्हापूरला जाताना वारणेचा पूल कितीदा ओलांडला असेल. दर वेळी डावी-उजवीकडं बघतो. तहाची पाटी माझ्या तरी नजरेला पडलेली नाही. उसाच्या ट्रॉल्या दिसतात.

पुण्याची कहाणीही आपण अर्धीच सांगतो. 1630 च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली. म्हणजे इथं पुन्हा वस्ती करणाऱ्याचं वाटोळं होईल. ‘घरावर गाढवाचा नांगर फिरवीन’ ही शिवी आमच्या लहानपणी भांडणात सर्रास ऐकू यायची. पुढची गोष्ट अशी सांगतात की जिजाऊसाहेब बाळराजांना घेऊन आल्या आणि त्याच जमिनीत सोन्याचा नांगर फिरवला. सोन्याचा असेल, सोन्याचं पाणी दिलेला असेल, नसेलही. मला त्या नांगराच्या दुसऱ्या दिवसात रस आहे. सोन्याच्या फाळानं एक तास निघतो, नंतर लाकडाचा नांगर आणि बैलच लागतात. ते कुठून आले? लोक कसे परत आले?

त्याचं उत्तर मोडीच्या कागदात आहे, अगदी रुक्ष भाषेत. कौल आणि इस्तावा. कौल म्हणजे अभयवचन. या, वस्ती करा, तुम्हाला कोणी त्रास देणार नाही, मागची बाकी मागणार नाही. आणि इस्तावा म्हणजे चढता सारा. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्यानं पहिल्या वर्षी अगदी थोडं द्यायचं, दुसऱ्या वर्षी जरा जास्त, असं करत काही वर्षांनी पुरता धारा. बैलासाठी, बियाण्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज. फौज गेली त्या वाटेवरच्या शेतांची पाहणी करून पायमालीबद्दल सूट. आपण आज ‘कायद्याची पायमल्ली’ म्हणतो ती हीच, घोड्याच्या टापांखाली गेलेली ज्वारी. लढाई तीन प्रहरांत आटपते. इस्ताव्याचा कागद पाच-सात वर्षांचा असतो, आणि दर वर्षाचा आकडा तिथं सावकाश चढत जातो. आमच्या वर्गात पहिल्यांदा असा कागद लागला तेव्हा खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. आता वाटतं, त्या चढत्या आकड्यांइतकं धीराचं मराठी मी दुसरीकडं वाचलेलं नाही. सरकार त्यात गृहीत धरतं की सातव्या वर्षीही हे कुळ इथंच असेल. त्या काळात! आणि मध्येच पुन्हा धामधूम झाली की नवा कौल, आकडा पुन्हा खालपासून.

असाच आणखी एक शब्द आहे, बेचिराख. आपल्याला त्यात राख दिसते, म्हणून आपण बॉम्ब पडून शहर बेचिराख झालं म्हणतो. मूळ फारसी शब्दात राख नाहीच. चिराग आहे. बे-चिराग, जिथं दिवा लागत नाही ते. महसुली दफ्तरात बेचिराख गाव म्हणजे ज्याचं नाव आहे, शिवार आहे, पण वस्ती नाही. जळालेलंच असेल असं नाही. माणसं फक्त उठून गेली, आणि तिन्हीसांजेला दिवा लावायला कुणी उरलं नाही.

पावसानं आखलेली ती रेघ शेवटी मोडली ती इंग्रजांनी. त्याआधी आपल्याच माणसांनी तिची बरीच वाट लावली होती. 25 ऑक्टोबर 1802 ला ऐन दिवाळीत यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा फडशा पाडला, दुसरा बाजीराव पळाला आणि वर्षअखेरीला वसईला इंग्रजांच्या ओटीत जाऊन बसला. माझी भाची दरवर्षी दिवाळीत किल्ला करते. वर मावळे, तोफा, सिंहासन. खाली मोहरी पेरून शेत, गवळण, भाजीवाली, एक ट्रॅफिक पोलीससुद्धा. मावळे तसेच उभे असतात, सगळी हालचाल खालच्या गावात. यंदा तिला मी हडपसरचं सांगणार होतो, मग म्हटलं राहू दे.

तर 1803. आर्थर वेलस्लीनं शांतपणे हिशेब मांडला होता. मराठ्यांची ताकद घोडदळात, आणि नद्या भरलेल्या असल्या की घोडदळ अडकतं. मग आपण पावसाळ्यातच का लढू नये? नद्या ओलांडायला होड्यांची सोय आपण आधीच करून ठेवू. ऑगस्टच्या 12 तारखेला नगरचा किल्ला त्याच्या हातात होता. दसरा अजून लांब होता. आणि सप्टेंबरात आताच्या जालना जिल्ह्यात असईला तो शिंद्यांच्या तोफांसमोर आला तेव्हा मध्ये केळणा नदी. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. त्यानं बघितलं की समोरासमोर दोन्ही काठांवर एकेक गाव आहे. मग लोकांची जा-ये असणारच, म्हणजे उतारही असणारच. होता.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक पालथं ठेवून दिलं. त्या दोन गावांत सोयरिकी असतील. अलीकडच्या लेकी पलीकडं दिलेल्या असतील, कोणी ताक घेऊन, कोणी बाळंतविडा घेऊन गुडघाभर पाण्यातून जात असेल. किती पिढ्यांच्या पायांनी तो उतार माहीत करून ठेवला होता. त्या साहेबाला पूल बांधावा लागला नाही.

1818 नंतर खरीखुरी शांतता आली, कोरी करकरीत. पेशवा बिठूरला गेला. आणि शिलेदारांच्या घोड्यांना काम उरलं नाही. गडांची राखण करणारे रामोशी बेकार झाले, त्यांच्यातून उमाजी नाईक उभा राहिला आणि 1832 ला पुण्यात फासावर गेला. इतके दिवस शांतता मागणाऱ्या मुलखाला शांततेत करायचं काय, हे बरीच वर्षं कळलं नसावं.

आमच्या गावापासून दोन-अडीच मैलांवर एक टेकाड आहे. माती पांढरी, राखाडीकडं झुकणारी. भोवतीचं शिवार काळं, मध्येच हे पांढरं. जुनी माणसं वस्तीला पांढरी आणि शेताला काळी का म्हणतात, ते तिथं उभं राहिलं की कळतं. नांगरताना खापरं निघतात, जात्याची तळी निघाली होती एकदा. कडेला मारुती आणि त्याच्या शेजारी दोन वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात अप्सरा पडलेल्या वीराला उचलून नेताहेत, वर तो शंकराच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. ते दगड शिवाजीमहाराजांच्याही पुष्कळ आधीचे, यादवांच्या काळातले असावेत असे. म्हणजे इथल्या लढाया मोजायला माझी वही पहिल्या पानापासूनच अपुरी होती. आता शेंदरानं चेहरे बुजलेत. लोक त्यांना नवसाचे देव समजून नारळ फोडतात. गाव कोणत्या धामधुमीत उठलं ते कुणाला ठाऊक नाही.

त्या टेकाडाला लागून तात्यांचं, माझ्या चुलत्यांचं वावर आहे. विहिरीजवळ पत्र्याची खोली, तिच्यात मोटारीचा स्टार्टर. शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची होती. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा मुक्काम केला आणि रात्री दीडच्या सुमाराला तात्यांबरोबर निघालो. हातात बॅटरी, पायात गमबूट, मागं कुत्रं. मी म्हटलं, "तात्या, या जागेला कागदावर बेचिराख म्हणतात. म्हणजे दिवा नसलेलं गाव."

"नसायला काय झालं," ते म्हणाले. "लाईट आली असली तर हाय की."

बांधावर चढल्यावर ते थांबले आणि बॅटरी बंद केली. अंधार एकदम जवळ आला. पांढऱ्या टेकाडाच्या कडेला, पत्र्याच्या फटीतून, स्टार्टरचा तांबडा दिवा दिसत होता.

"आलीय," तात्या म्हणाले, आणि उसात पाणी धरायला खाली उतरले.